सौर की सेल? घरातल्या छोट्या उपकरणांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात: घड्याळ, रिमोट, विजेरी, कॅल्क्युलेटर, बागेतले दिवे अशी छोटी उपकरणे सौरऊर्जेवर चालणारी घ्यावीत की सेलवर चालणारी. काही पत्रे लांब असल्याने प्रश्न संक्षिप्त करून घेतले आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या घरात भिंतीवरची तीन घड्याळे, दोन रिमोट, स्वयंपाकघरातला वजनकाटा, कॅल्क्युलेटर, बिनतारी माउस आणि एक विजेरी एवढी उपकरणे सेलवर चालतात. संपलेल्या सेलचा डबा भरत चालला आहे. ही सगळी उपकरणे हळूहळू सौर करावीत असे मला वाटते. घरातल्यांना ते खूळ वाटते. बरोबर कोण?

उत्तर : आपला हेतू योग्य आहे, मात्र यादीतल्या सगळ्या उपकरणांना एकच न्याय लावता येणार नाही. शिवाय 'सौर की सेल' असा प्रश्न मांडला की त्यात एक गफलत शिरते, ती आधी दूर करू. सौरपट्टी वीज तयार करते, साठवत नाही. अंधारातही जे उपकरण चालू राहायला हवे, त्याच्या पोटात साठवण असावीच लागते आणि ही साठवण म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा चार्ज होणारा लहानसा सेलच असतो. पट्टी हा नळ आणि सेल ही टाकी असे समजावे. साध्या उपकरणात आपण भरलेली टाकी बाहेरून आणून बसवतो. सौर उपकरणात ती जागच्या जागी भरत राहते. त्यामुळे सगळी उपकरणे सौर केल्याने घरातले सेल नाहीसे होतील असे समजू नये. त्यांतले बरेचसे फक्त नजरेआड जातील.

तेव्हा विचारायला हवे ते असे की, उपकरण जिथे राहते तिथे दिवसाकाठी उजेड किती पडतो, आणि त्या उपकरणाची भूक किती आहे. उजेडाच्या बाबतीत डोळे आपल्याला साफ फसवतात. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर रात्री दिवे लावलेल्या नेहमीच्या खोलीत तो १०० ते ३०० लक्सच्या आसपास भरतो, म्हणजे बाहेरच्या उन्हाच्या हजारातला एक ते तीन भाग. डोळ्याची बाहुली मोठी होते, उरलेले मेंदू सांभाळून घेतो आणि खोली आपल्याला 'चांगली उजेडाची' वाटते. सौरपट्टीच्या अंगी असा समजूतदारपणा नसतो.

थोडे गणित करू. बँकेच्या कार्डाएवढ्या, म्हणजे साधारण ४६ चौरस सेंटिमीटरच्या पट्टीवर कडक ऊन सरळ पडले, तर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट या हिशेबाने तिच्या वाट्याला साडेचार वॅट येतात आणि त्याचा पाचवा हिस्सा विजेत बदलला, तर जवळपास ०.९ वॅट हाती लागतात. हीच पट्टी संध्याकाळनंतर दिव्याच्या उजेडात भिंतीवर लावली, तर अर्धा मिलिवॅटही मिळत नाही. आता घड्याळ पाहा. भिंतीवरचे क्वार्ट्झ घड्याळ सरासरी ०.१ ते ०.२ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह घेते, म्हणजे दिवसभरात साधारण ५ मिलिवॅट-तास. एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे ३००० मिलिवॅट-तास ऊर्जा असते. भागाकार केला की ६०० दिवस येतात आणि घड्याळाचा सेल दीड-दोन वर्षे जातो हा आपला सर्वांचा अनुभव नेमका तिथेच येऊन बसतो. उलट छताजवळ, खिडकीपासून दूर टांगलेल्या घड्याळाला पट्टी लावून रोजचे ५ मिलिवॅट-तास मिळवायचे म्हटले, तर ते जेमतेम जमेल किंवा जमणारच नाही. दोन वर्षांतून एका सेलसाठी हा खटाटोप मला पटत नाही. घड्याळे आहेत तशी राहू द्यावीत.

कॅल्क्युलेटरची गोष्ट वेगळी आहे. त्याचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही आणि एकूण खर्च काही मायक्रोवॅटांत भागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या क्षणी कॅल्क्युलेटर लागतो त्या क्षणी उजेड असतोच, कारण आकडे वाचायला तो आपल्यालाही लागतो. गरज आणि उजेड एकाच वेळी येत असल्याने इथे साठवणीची अडचण जवळजवळ उरत नाही. मागून उजेड न देणाऱ्या पडद्याचा, ओट्यावर खिडकीशी राहणारा वजनकाटाही याच जातीचा. यादीतल्या या दोन वस्तू बदलण्याची वेळ येईल तेव्हा अवश्य सौर घ्याव्यात.

रिमोट मधल्या वर्गात मोडतो. सॅमसंगने २०२१ मध्ये टीव्हीच्या रिमोटच्या पाठीवर सौरपट्टी बसवली. रिमोट क्षणभरच वीज खातो आणि बाकी दिवसभर पडून असतो, म्हणून ही कल्पना चालते. तरीही त्याला केबलने चार्ज करण्याची सोय ठेवावीच लागली. शिवाय असा रिमोट पालथा, पट्टी वर करून ठेवायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी लागते. आपले रिमोट सोफ्याच्या फटीत राहत असतील, तर विचारच नको.

राहिला डबा. तो कोण भरते आहे, हे आधी शोधावे. बसवताना प्रत्येक सेलवर मार्करने तारीख घालावी. सहा महिन्यांत चित्र स्पष्ट होते. बहुधा दोषी माउस आणि विजेरी निघतील, कारण तीन घड्याळे मिळून दोन वर्षांत तीन-चार सेल खातात, तर रोज आठ तास हाताखाली असलेला माउस काही महिन्यांत एक संपवू शकतो. त्याला सौरपट्टी नको, पुन्हा चार्ज होणारे सेल हवेत. त्यांविषयी पुढे एका वाचकाने विचारलेच आहे.

प्रश्न : प्रवासासाठी सौरपट्टी असलेली १०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. चार दिवस खिडकीत ठेवूनही ती भरत नाही. वस्तू सदोष आहे का?

उत्तर : सदोष नसावी, तिच्याकडून जी अपेक्षा केली जाते, ती तिला झेपणारी नाही. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे साठवण ३७ वॅट-तासांची. पाठीवरची पट्टी तळहाताएवढी, बहुधा १ ते १.५ वॅटची. अगदी सव्वा वॅट धरले, तरी ३७ भागिले १.२५, म्हणजे सुमारे तीस तास कडक ऊन, तेही पट्टी सतत सूर्याकडे वळवत राहिल्यास. होणारी गळती मिळवली की चाळीस तास सहज होतात. दिवसाला पाच तास चांगले ऊन धरल्यास आठ दिवस, आणि हे उघड्यावर. खिडकीच्या काचेत काही भाग अडतो, ऊन तिरपे पडते आणि गजाची सावली पट्टीवर आली की आणखी पंचाईत, कारण पट्टीतले घट, म्हणजे वीज तयार करणारे छोटे तुकडे, एकामागे एक जोडलेले असतात. एका घटावर सावली पडली, तरी साऱ्या रांगेचा प्रवाह मंदावतो.

याहून गंभीर बाब उष्णतेची आहे. लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत असा सर्वसाधारण संकेत आहे आणि काळ्या प्लॅस्टिकचे खोके भर उन्हात हा आकडा सहज ओलांडते. म्हणजे पट्टीला जे हवे तेच नेमके सेलच्या जिवावर उठते, आणि या वस्तूत दोघांना एकाच खोलीत कोंडले आहे. पॉवर बँक घरच्या विजेवर भरून प्रवासाला निघावे आणि पाठीवरची पट्टी अडीनडीला एखादा फोन लावण्यापुरती आहे असे मानावे. रानावनात खरोखरच उन्हावर अवलंबून राहायचे असेल, तर १५-२० वॅटची घडीची पट्टी वेगळी घ्यावी, तिची वायर लांब असावी आणि बँक सावलीत ठेवावी.

प्रश्न : बाल्कनीतल्या कुंड्यांमध्ये खोचायचे सौर दिवे पहिले वर्षभर रात्रभर जळत; आता तासाभरात विझतात. त्यांतला एक तर लागतच नाही. सौर वस्तू टिकत नाहीत, हेच खरे का?

उत्तर : माझ्याकडेही असे चार दिवे होते आणि दुसऱ्या वर्षी ते असेच मलूल झाले, तेव्हा टाकून देण्यापूर्वी एक उघडून पाहिला. झाकणाचे तीन बारीक स्क्रू काढल्यावर आत एक नखाएवढी हिरवी चकती, दोन वायरी आणि एक पेन्सिल सेल निघाला. सेलवर १.२ व्होल्ट, ६०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले होते, त्याचे वेष्टन फुगलेले होते आणि ऋण टोकाची स्प्रिंग गंजून तपकिरी झाली होती. नवा सेल घातला, स्प्रिंग पॉलिश कागदाने घासली, आणि त्या संध्याकाळी तो दिवा शेजारच्या तिघांपेक्षा ठळक लागला.

यात आश्चर्य काहीच नाही. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचा सेल साधारण ५०० वेळा भरून रिकामा केला की त्याची ताकद उतरू लागते आणि असा दिवा दर दिवशी एकदा भरतो व दर रात्री एकदा रिकामा होतो. ५०० दिवस म्हणजे सोळा महिने. आपले दिवे अगदी वेळेवर थकले आहेत. थकतो तो सेल. चांगल्या प्रतीची सौरपट्टी मुळीच एवढ्या लवकर म्हातारी होत नाही. छतावरच्या मोठ्या पट्ट्यांना उत्पादक २५ वर्षांची हमी देतात ती उगाच नव्हे. या दोहोंच्या आयुष्यातला फरक दाखवणारे माझे आवडते उदाहरण अंतराळातले आहे. १७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या छोट्या उपग्रहात दोन प्रक्षेपक (रेडिओ-संदेश पाठवणारी यंत्रे) होते, एक सेलवर चालणारा आणि दुसरा सौरघटांवर. सेलवरचा त्याच वर्षी जूनमध्ये गप्प झाला. सौरघटांवरचा मे १९६४ पर्यंत बोलत होता. बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट जगासमोर आणला त्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सहा वर्षांचे मोल कळते.

तेव्हा आपल्या दिव्यांचे सेल बदलावेत, मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. सेल पुन्हा चार्ज होणाराच हवा. साधा अल्कलाइन सेल तिथे घातला, तर पट्टी त्याला रोज जबरदस्तीने चार्ज करू पाहील आणि तो गळेल. दुसरे असे की, २००० मिलिअँपिअर-तासांचा दणकट सेल घालून दिवा तिप्पट वेळ जळेल ही आशा धरू नये. पट्टी दिवसभरात जेवढी वीज देते तेवढीच रात्री मिळणार; आडातच नाही, तर पोहरा मोठा करून काय उपयोग? तिसरी गोष्ट पट्टीवरच्या आवरणाची. स्वस्त दिव्यांत पट्टीवर काच नसून पारदर्शक राळ ओतलेली असते, ती उन्हाने पिवळट आणि दुधी होते. ओल्या फडक्याने पुसूनही पट्टी धुरकटच दिसली, तर मात्र त्या दिव्याची आशा सोडावी.

न लागणाऱ्या दिव्याच्या बाबतीत सेल बदलण्यापूर्वी एक साधा प्रयोग करावा: रात्री त्याच्या पट्टीवर तळहात झाकून धरावा. अशा दिव्यांत अंधार ओळखणारा वेगळा डोळा बहुधा नसतो. पट्टीतून येणारी वीज थांबली की रात्र झाली असे आतली चकती समजते. वरून रस्त्यावरच्या दिव्याचा झोत पडत असेल, तर त्याच्या लेखी अजून दिवसच आहे.

प्रश्न : पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ व्होल्टचे. मग ते उपकरणात कमी पडत नाहीत का? आणि ते पडून राहिले तर आपोआप उतरतात असेही ऐकले आहे.

उत्तर : सहसा कमी पडत नाहीत. अल्कलाइन सेल नवा असतानाच दीड व्होल्टचा असतो. वापरासरशी त्याचा दाब उतरत उतरत ०.९ पर्यंत जातो आणि उपकरणे ही उतरंड गृहीत धरूनच बनवलेली असतात. चार्ज होणारा सेल मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. याचा एक तोटा असा की, उपकरणावरचा बॅटरीचा निर्देशक अशा सेलबाबत खोटे बोलतो: भरलेला सेल अर्धा दाखवतो आणि शेवटच्या क्षणापर्यंत धोक्याची सूचना देत नाही.

आपोआप उतरण्याची तक्रार एके काळी खरी होती. जुने सेल महिना-दोन महिने पडून राहिले तरी बरेचसे रिकामे होत. २००५ मध्ये सान्योने एनेलूप हे सेल आणले, तेव्हापासून कमी उतरणाऱ्या सेलचा प्रकार रूढ झाला आणि आज अशा प्रकारचा चांगला सेल वर्षभर कपाटात राहूनही आपली बहुतांश शक्ती राखतो. तरीही घड्याळात तो घालावा असे मी म्हणणार नाही. शेकडो वेळा भरता येणारी वस्तू दोन वर्षांतून एकदा भरायची, यात तिच्या घडणीला लागलेला निकेलसारखा धातू अडकून पडतो. तिची खरी जागा माउस, मुलांची खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, रोज वापरातली विजेरी. धूरसूचक यंत्रात तर निर्मात्याने सांगितलेलाच सेल घालावा, त्यात काटकसर नको. तिथला निर्देशक चुकला तर किंमत फार मोठी असते.

प्रश्न : संपलेले सेल उन्हात ठेवले की पुन्हा काही वेळ चालतात असे लहानपणी पाहिले होते. परवा रेडिओचे सेल तसेच उन्हात ठेवून परत घातले. आठवड्याने उघडले, तर आत पांढरी भुकटी. असे का झाले?

उत्तर : सेल उन्हात ठेवणे हा सौरऊर्जेचा सर्वांत भोळा घरगुती वापर म्हणावा लागेल, कारण त्यात उन्हाची ऊर्जा सेलमध्ये शिरतच नाही. आपण पाहिलेला चमत्कार जुन्या जस्त-कार्बन सेलचा होता. विश्रांती मिळाली की त्याच्या आत साचलेली रसायने थोडी पांगतात, उबेने आतला विरोध घटतो आणि तळाशी राहिलेली मूळचीच शक्ती थोडी वर येते. आजचे सेल बहुधा अल्कलाइन असतात. त्यांच्या आत संपता संपता वायू तयार होतो, उष्णतेने त्याचा दाब वाढतो आणि ऋण टोकाकडचे बूच हार मानते. बाहेर येणारा द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी भुकटी होते.

ती उघड्या हाताने खरवडू नये आणि फुंकू तर मुळीच नये. हातमोजे घालून, कानकोरण्याच्या कापसावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन हलके टिपावे. थोडे फसफसेल, ते शमले की पाण्याने ओलावलेल्या दुसऱ्या कापसाने पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मग स्प्रिंग घासून चकचकीत करावी. नवे सेल घालताना एकाच वेळचे, एकाच जातीचे घालावेत. एक ताजा आणि एक अर्धमेला असे जोडीला घातले, तर ताजा सेल दुसऱ्याला त्याच्या अंतापलीकडे ओढत नेतो आणि गळती तिथूनच सुरू होते.

प्रश्न : वीज गेल्यावर लागणारी आणीबाणीची विजेरी सौर असावी का? दुकानात सौर, सेलवरच्या आणि हाताने फिरवायच्या अशा तिन्ही प्रकारच्या दिसल्या.

उत्तर : आपल्या भाषेत या वस्तूला पुष्कळ जण 'बॅटरी' असेच म्हणतात, आणि माझ्या मते त्यातच उत्तर आहे. कॅल्क्युलेटरबद्दल वर जे लिहिले त्याच्या बरोबर उलट स्थिती इथे असते: विजेरीची गरज नेमकी उजेड नसतो तेव्हाच पडते. सौर विजेरी खणात ठेवली, तर ती कधी भरतच नाही. खिडकीत टांगून ठेवली, तर आतला लिथियम सेल सतत भरलेला आणि सतत तापलेला राहून दोन-तीन वर्षांत निकामी होतो, आणि हे कळते कधी, तर दिवे गेल्यावर.

खणात पडून राहणाऱ्या विजेरीसाठी १.५ व्होल्टचे, पुन्हा चार्ज न होणारे लिथियम पेन्सिल सेल मला सर्वांत भरवशाचे वाटतात. ते पंधरा-वीस वर्षे शक्ती राखतात, वजनाला हलके असतात आणि अल्कलाइन सेलसारखे सहजी गळत नाहीत. ते न मिळाल्यास अल्कलाइन घ्यावेत, पण एक सेल बाहेर काढून विजेरीला रबराने बांधून ठेवावा, किंवा सेल आणि झाकण यांच्यामध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवून त्याचे टोक बाहेर दिसू द्यावे. असे करण्याचे कारण गळतीपुरतेच नाही. हलक्या दाबाच्या बटणावर चालणाऱ्या विजेऱ्या बंद असतानाही बटणाची वाट पाहण्यात थोडी थोडी वीज खात राहतात.

हाताने फिरवायच्या विजेरीला मी नावे ठेवणार नाही. ब्रिटिश संशोधक ट्रेव्हर बेलिस यांनी १९९० च्या दशकात किल्ली देऊन चालणारा रेडिओ घडवला, तो सेल न मिळणाऱ्या वस्त्यांसाठी. आणि तिथे त्या कल्पनेला तोड नव्हती. परंतु मिनिटभर दांडी फिरवून मिळतो तो मंद उजेड काही मिनिटांचा, आणि अंधारात जिन्यावरून उतरताना एक हात कठड्याला लागतो. दुसरी विजेरी म्हणून ती जरूर असावी.

जाता जाता, सेल जमिनीवर टाकून तो उसळतो की नाही यावरून तो संपला का ते ओळखण्याची युक्ती आपण पत्रात लिहिली आहे. अल्कलाइन सेलमधली जस्ताची लगदीवजा भुकटी वापराने ऑक्साइड होऊन घट्ट होते, म्हणून तो उसळतो हे खरे. परंतु निम्मा वापर होईतोच ही उसळी पूर्ण झालेली असते. त्यामुळे उसळणारा सेल ताजा नाही एवढेच कळते, तो रिकामा आहे असे नव्हे.

प्रश्न : सौर मनगटी घड्याळाचा सेल कधीच बदलावा लागत नाही, हे खरे आहे का?

उत्तर : 'कधीच' हा शब्द सोडल्यास खरे आहे. सिटिझनने १९७६ मध्ये काट्यांचे सौर घड्याळ आणले, तेव्हापासून या प्रकाराची बरीच प्रगती झाली आहे आणि आज पूर्ण भरलेले असे घड्याळ काही महिने अंधारातही चालते. आत साठवणीचा लहान सेल असतोच. मात्र बागेतल्या दिव्याप्रमाणे तो रोज पूर्ण रिकामा होत नाही, म्हणून अनेक वर्षे टिकतो. बाहीखाली सतत झाकले जात असेल, तर आठवड्यातून एखादा दिवस खिडकीशी ठेवावे. विकत घेण्यापूर्वी हा आतला सेल बदलून मिळतो का, एवढे विचारावे. हाच प्रश्न कोणत्याही सौर वस्तूबाबत विचारण्याजोगा आहे, कारण चिकटवून बंद केलेल्या वस्तूचे आयुष्य तिच्या सेलच्या आयुष्याएवढेच असते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार, काही अपवाद वगळता, लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः काढता-घालता यायला हव्यात. त्याचा परिणाम इतरत्र विकल्या जाणाऱ्या वस्तूंवरही व्हावा अशी आशा करू या.

प्रश्न : नातवंडे घरात आहेत. बटण सेलची उपकरणे टाळावीत का?

उत्तर : मूल तीन-चार वर्षांहून लहान असेल, तर शक्य तेवढी टाळावीत, आणि सौरऊर्जेच्या बाजूने मला दिसणारे हे एक ठोस कारण आहे. नाण्याएवढा, ३ व्होल्टचा लिथियम सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. सेल 'संपलेला' असला तरी हा धोका जात नाही. नुसती शंका आली, तरी थेट रुग्णालय गाठावे, उलटी करवू नये. छोटे रिमोट, स्वयंपाकघरातले काटे, गाणी वाजवणारी शुभेच्छापत्रे यांत हे सेल असतात. झाकणाला स्क्रू नसेल, तर ते चिकटपट्टीने घट्ट बंद करावे आणि काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावूनच ठेवावा.

प्रश्न : माझ्या कॅल्क्युलेटरवर सौरपट्टी आहे, तरी तो अंधारातही चालतो. मग पट्टी कशासाठी?

उत्तर : दोन शक्यता आहेत. बऱ्याच कॅल्क्युलेटरांत पट्टी आणि बटण सेल दोन्ही असतात. उजेड असेल तेव्हा पट्टी भार उचलते, नसेल तेव्हा सेल. दुसरी शक्यता अशी की, ती पट्टी निव्वळ शोभेची आहे. स्वस्त कॅल्क्युलेटरांत काचेमागे तपकिरी रंगाचा तुकडा बसवून सौरपट्टीचा आभास केलेला आढळतो. खरी पट्टी बहुधा गडद तपकिरी, तीन-चार उभ्या कप्प्यांची असते. ती अस्फटिकी सिलिकॉनची असते आणि कडक उन्हात फारशी कार्यक्षम नसली, तरी खोलीतल्या मंद उजेडात तिचे काम चोख असते. खात्री करायची असल्यास मागचे झाकण उघडून सेल काढावा आणि दिव्याखाली कॅल्क्युलेटर चालू करावा. आकडे उमटले, तर पट्टी खरी. मग तिच्यावर हळूहळू बोट सरकवत नेले की आकडे फिकट होत जाताना दिसतात.

आपले पत्र आल्यावर मी माझ्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर असाच तपासला. सेल काढताच तो गप्प झाला. ज्या पट्टीवर उजेड पडत राहावा म्हणून मी सहा वर्षे तो पालथा न ठेवण्याची काळजी घेत होतो, ती पट्टी रंगवलेली निघाली, आणि सहा वर्षे सारा हिशेब त्या एका बटण सेलने केला होता. सेल परत बसवला आहे, अजून चालतो.